पोतं, कुबड आणि तळतळाट: ‘रिगोलेत्तो’ न्यूयॉर्कच्या गल्लीत

सप्टेंबर 1982. लंडनच्या कॉलिझियम नाट्यगृहात इंग्लिश नॅशनल ऑपेराने इटालियन संगीतकार व्हेर्दीचा ‘रिगोलेत्तो’ हा ऑपेरा नव्याने रंगमंचावर आणला. संहितेतला, सोळाव्या शतकातल्या इटलीतला मान्तुआचा दरबार त्यात नव्हता. त्याच्या जागी होती 1950 च्या दशकातली न्यूयॉर्कची ‘लिटल इटली’ वस्ती. ड्यूक हा कुणी राजघराण्यातला माणूस राहिला नव्हता. ‘ड्यूक’ हे एका टोळीच्या दादाला पडलेलं नाव होतं. दरबारी त्याच्या टोळीतली माणसं झाले आणि खुशमस्कऱ्या रिगोलेत्तो झाला बारमन. दिग्दर्शक होते जोनाथन मिलर, वाद्यवृंदाचं संचालन मार्क एल्डर यांचं, नेपथ्य-वेशभूषा पॅट्रिक रॉबर्टसन आणि रोझमेरी व्हर्को यांची. जॉन रॉन्सली रिगोलेत्तो, मेरी मॅकलॉक्लिन त्याची मुलगी जिल्दा, आर्थर डेव्हिस ड्यूक.

जुन्या ऑपेराला नवे कपडे घालण्याचे प्रयोग त्याआधीही होत होते आणि नंतर तर त्यांना पूरच आला. त्यातले बरेचसे एका हंगामात विसरले गेले. मिलरचा ‘रिगोलेत्तो’ मात्र पुन्हा पुन्हा उभा राहिला. मध्ये त्याच संस्थेने दुसरा ‘रिगोलेत्तो’ करून पाहिला आणि 2017 मध्ये परत मिलरचाच आणला. का टिकला, हे मला शोधायचं आहे. ‘कल्पना छान होती’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. छान कल्पना पुष्कळांना सुचतात.

मुळात ‘मूळ’ कुठलं?

काळ-स्थळ बदललं की पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘व्हेर्दीने जे लिहिलं ते का बदलता?’ या ऑपेराच्या बाबतीत हा आक्षेप मला पटत नाही, कारण मान्तुआ ही जागा व्हेर्दीने निवडलेलीच नव्हती. ती त्याच्या गळ्यात पडली.

कथा व्हिक्टर ह्यूगोच्या नाटकातली: राजाचा कुबडा विदूषक एका म्हाताऱ्या बापाची थट्टा करतो आणि त्याचा शाप ओढवून घेतो; पुढे राजा विदूषकाचीच मुलगी नासवतो, विदूषक राजाच्या खुनाची सुपारी देतो, पण पोत्यात निघते ती राजाच्या जागी मेलेली त्याची मुलगी. ते 22 नोव्हेंबर 1832 रोजी पॅरिसला रंगमंचावर आलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर बंदी आली. कारण त्यातला स्त्रीलंपट राजा म्हणजे फ्रान्सचा पहिला फ्रान्स्वा. तीनशे वर्षांपूर्वीचा असला तरी राजाच तो. त्यानंतर पन्नास वर्षं ते नाटक तिथे झालं नाही. व्हेर्दीने हेच नाटक व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहासाठी घेतलं तेव्हा व्हेनिसवर ऑस्ट्रियाचं राज्य होतं, आणि सरकारी परीक्षकांनी (सेन्सॉरने) संहिता सरळ नाकारली. संहिताकार पियावेने घाबरून एक सौम्य आवृत्ती लिहून काढली: कुबड काढलं, पोतं काढलं, राजाचा रंगेलपणा काढला.

14 डिसेंबर 1850 ला व्हेर्दीने नाट्यगृहाच्या अध्यक्षांना पत्र लिहून ही आवृत्ती धुडकावली. त्या पत्रात तो काय म्हणतो ते नीट पाहण्यासारखं आहे. सत्ताधीश पक्का रंगेल हवा. तो तसा नसेल तर बाप मुलीला लपवून का ठेवेल? म्हाताऱ्याच्या शापामागचं कारणच काढून घेतलं तर शाप हास्यास्पद होतो. पोतं का काढलं? पोत्याचं पोलिसांना काय घेणंदेणं? आणि कुबड्याने गायचं का, असं कुणी विचारत असेल तर, का नाही? बाहेरून विद्रूप, केविलवाणा आणि आतून मायेने भरलेला माणूस हेच तर त्याला या विषयात दिसलं होतं.

आता या पत्रात काय नाही ते बघा. फ्रान्सच हवा, अमुकच शतक हवं, हा हट्ट नाही. डिसेंबरच्या अखेरीस तडजोड झाली ती नेमकी याच रेषेवर. राजाचा ड्यूक झाला, फ्रान्सचं मान्तुआ झालं. मान्तुआ सोयीचं, कारण तिथलं गोंझागा घराणं केव्हाच संपलं होतं. मेलेल्या घराण्याचा अपमान कुणाला लागणार! पोतं राहिलं, कुबड राहिलं, शाप राहिला. 11 मार्च 1851 ला पहिला प्रयोग झाला. पुढे इटलीतल्या इतर राज्यांत परीक्षकांनी याच ऑपेराची नावं आणि गावं पुन्हा बदलली. ‘व्हिस्कार्देल्लो’, ‘लिओनेल्लो’, ‘क्लारा दि पर्थ’ ही सगळी ‘रिगोलेत्तो’चीच सोंगं.

आणि व्हेर्दीच्या बाबतीत हे काही एकदाच घडलं नाही. 1853 मध्ये ‘ला त्राव्हियाता’ त्याला आपल्याच काळातल्या कपड्यांत करायचा होता, पण नाट्यगृहाने तो 1700 च्या सुमाराला ढकलला. 1859 मध्ये स्वीडनच्या राजाच्या खुनाची कथा परीक्षकांमुळे थेट अमेरिकेतल्या बॉस्टनला नेऊन ठेवावी लागली. स्थलांतर त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. कुठल्या गोष्टीवर अडून बसायचं आणि कुठली सोडून द्यायची हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि माझ्या मते या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. मिलरने ते पत्र समोर ठेवून काम केलं असं माझं म्हणणं नाही. पण त्याचा प्रयोग त्या पत्राच्या कसोटीला लावून पाहिला की यश आणि अडखळणं दोन्ही लख्ख दिसतात.

गल्ली का चालली

या कथेला काय काय लागतं? एक माणूस, ज्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. त्याच्याभोवती हुजऱ्यांचा कोंडाळा. त्या कोंडाळ्याला हसवून पोट भरणारा एक अपंग माणूस, जो दिवसभर दुसऱ्यांच्या अब्रूची थट्टा करतो आणि रात्री स्वतःच्या मुलीची अब्रू कुलुपात ठेवतो. असा समाज, जिथे मुलीचं ‘नाव जाणं’ हे बापाचं मरण असतं. पैसे घेऊन माणूस मारणारा कुणीतरी. आणि बापाचा तळतळाट लागतो यावर मनापासून विश्वास.

यातली पहिली गोष्ट विसाव्या शतकात बऱ्याच ठिकाणी सापडेल. हुकूमशहाचा महाल घ्या, कारखान्याचा मालक घ्या, चित्रपट निर्माता घ्या. पण सगळ्या गोष्टी एकत्र सापडणं अवघड आहे. सिसिली-नेपल्सकडून आलेल्या कॅथलिक कुटुंबांच्या एका घट्ट वस्तीत त्या एकत्र सापडतात.

जिल्दाचंच घ्या. ती बापाला सांगते की ती चर्चखेरीज कुठे जात नाही. ड्यूकने तिला हेरलं तेही चर्चमध्येच, गरीब विद्यार्थ्याचं सोंग घेऊन. मान्तुआच्या मखमली पोशाखात ही गोष्ट परीकथेसारखी वाटते आणि प्रेक्षक मनातल्या मनात म्हणतो, ‘असतील बुवा तेव्हाचे लोक असे.’ पण 1950 च्या सुमाराला आईविना वाढलेली, रविवारी प्रार्थनेला जाऊन थेट घरी येणारी, बापाचं खरं नावही माहीत नसलेली मुलगी, ही ओळखीची वाटते. तिचा भोळेपणा मग मूर्खपणा राहत नाही. बापाच्या धाकाने आणि मायेने तो घडवलेला आहे, हे समजतं.

आणि स्पाराफुचिले! या माणसासाठी तर मराठीत तयार शब्द आहे: सुपारी घेणारा. अंधाऱ्या गल्लीत तो रिगोलेत्तोला गाठतो आणि आपला धंदा शांतपणे समजावून सांगतो. दर काय, निम्मे आधी, निम्मे काम झाल्यावर. बहीण गिऱ्हाईक नादी लावून घरात आणते. त्या वेळी चेलो आणि डबल बास या दोनच वाद्यांच्या एकेकट्या सुरांवर धून चालते, दबक्या आवाजात, जणू कुणी ऐकू नये म्हणून. तिसऱ्या अंकात वीस स्कुदीचा सौदा होतो, दहा हातावर पडतात. पुढे बहीण म्हणते, या देखण्या पोराला सोड आणि पैसे घेऊन येणाऱ्या कुबड्यालाच मार, तेव्हा हा खवळतो: मी काय चोर आहे? कुठल्या गिऱ्हाइकाला मी आजवर दगा दिला? धंद्यातला हा इमान सोळाव्या शतकाच्या वेशात विचित्र वाटतो. टोळीच्या जगात तो अगदी सहज खरा वाटतो. एक शब्दही न बदलता पात्र उजळून निघतं, आणि नवी जागा बरोबर निवडली गेल्याची मला यापेक्षा मोठी खूण माहीत नाही.

रिगोलेत्तोचा दुसऱ्या अंकातला प्रवेशही असाच. मुलीला पळवून नेलं आहे, तिला नेणारे सगळे समोर उभे आहेत, आणि हा ‘ला-रा, ला-रा’ गुणगुणत, काहीच माहीत नसल्यासारखा, कोपऱ्या-कोपऱ्यात नजर फिरवतो. तोंडावर नेहमीचं हसू, पोटात कालवाकालव. मग बांध फुटतो, तो त्यांना शिव्या घालतो, आणि त्याच गाण्याच्या शेवटी त्यांच्यापुढे हात जोडतो. गुंडांच्या अड्ड्यावर रोज पेले भरणाऱ्या माणसाच्या अंगावर हे गाणं किती चपखल बसतं! ज्यांच्या जिवावर पोट भरलं त्यांनीच घर फोडलं, आणि तक्रार करायची तर कुणाकडे? त्यांच्याकडेच.

नाणं टाकलं आणि गाणं आलं

मी या प्रयोगाचं चित्रीकरण पाहिलं आहे, आणि त्यातला एक क्षण कितीही वेळा पाहिला तरी शिळा होत नाही.

तिसरा अंक. मूळ संहितेत मिन्चो नदीकाठचा एक पडका गुत्ता आहे, भिंतीला भेगा पडलेला, म्हणजे बाहेरून आतलं दिसावं. मिलरने इथे एडवर्ड हॉपरच्या ‘नाइटहॉक्स’ या 1942 च्या चित्राचा आधार घेतला: रात्रीचा रिकामा रस्ता, आत पिवळट उजेड, काचेआड बसलेली एकटी माणसं. इथपर्यंत कुणी म्हणेल, देखणं नेपथ्य. पण या अंकाची गरज बघा. बाप आणि मुलगी अंधारात बाहेर, ड्यूक आणि स्पाराफुचिलेची बहीण मादालेना उजेडात आत. आतल्यांना बाहेरच्यांचा पत्ता नाही, बाहेरच्यांना आतलं सगळं दिसतंय. चौघं एकाच वेळी चार वेगवेगळ्या गोष्टी गातात: एक लाडीगोडी लावतो, एक हसते, एकीचं काळीज फाटतं, एक सूड ठरवतो. भिंतीच्या भेगेतून जे व्हायला हवं ते हॉपरची रात्र आपसूक करून देते.

मग तो क्षण. ड्यूक बारमध्ये येतो, ज्यूकबॉक्सपाशी जातो, नाणं टाकतो आणि वाद्यवृंद ‘ला दोन्ना ए मोबिले’ (‘बाई चंचल असते’) या गाण्याची सुरावट सुरू करतो.

प्रेक्षागृहात इथे हशा पिकतो, आणि तो पिकायलाच हवा. पण हशाच्या खाली काय चाललंय ते मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या संगीत नाटकात गद्य थांबून पद सुरू होतं तेव्हा पात्र गातंय हे आपण मान्य करून टाकतो. ऑपेरात तर पात्रं सगळं गाऊनच बोलतात, म्हणून पात्राच्या जगातही जे ‘गाणं’च आहे ते वेगळं काढून दाखवणं कठीण असतं. ‘ला दोन्ना ए मोबिले’ हे तसं गाणं आहे. ड्यूक इथे मनातलं बोलत नाही. एक चालू, ओठांवर रुळलेली चाल गुणगुणतो. व्हेर्दीने ती मुद्दामच तशी उथळ आणि चिकट केली. स्वररचनेत तर प्रस्तावना अर्ध्यावर तुटते, क्षणभर सगळं थांबतं आणि मग गाणं लागतं, तबकडी आत बसावी तसं. ज्यूकबॉक्सने नेमकं हेच सांगितलं: हे सगळ्या जगाला पाठ असलेलं, एका नाण्यात मिळणारं गाणं आहे. मिलरने संगीतावर चढवलेला हा अलंकार नाही. संगीतात होतं तेच त्याने डोळ्यांना दाखवलं.

आणि हे का लागतं? कारण शेवटी हेच गाणं रिगोलेत्तोला उद्ध्वस्त करणार आहे. स्वस्त, बेफिकीर, कुणाच्याही तोंडी असणारं गाणं असायला हवं ते.

जिथे शिवण उसवते

सगळंच जमलं असं म्हणणं खोटं ठरेल. पहिल्या अंकाच्या मेजवानीत व्हेर्दीने मिन्युएट घातली आहे, दरबारी नाच. डोळ्यांसमोर सूट घातलेली माणसं आणि कानात झुपकेदार टोप्यांचा काळ. तिथे कान डोळ्यांचं ऐकत नाही. शेवटी जिल्दा पुरुषी वेशात येते, कारण बापाने तिला घोड्यावरून व्हेरोनाला पळून जायला सांगितलेलं असतं. न्यूयॉर्कमध्ये त्या वेशाला तेवढं सबळ कारण उरत नाही.

मोठी अडचण मात्र मोंतेरोनेची आहे. मुलीची अब्रू गेलेला हा म्हातारा भर मेजवानीत येऊन ड्यूकला आणि त्याला हसणाऱ्या रिगोलेत्तोला शाप देतो. ड्यूक त्याला तुरुंगात धाडतो. मान्तुआत ड्यूकच्या वर कुणी नाही, तुरुंग त्याचाच. न्यूयॉर्कमध्ये दादाच्या वर पोलीस आहेत, न्यायालय आहे, शहर आहे. मिलरचा प्रयोग हे विसरायला लावतो ते एकाच जोरावर: ही वस्ती स्वतःच्या भांडणासाठी बाहेरच्या पोलिसाकडे जात नाही. पण विसरायला लावावं लागतं, हे खरं.

भाषेने इथे फार मोठा हात दिला. इंग्लिश नॅशनल ऑपेरा बहुतेक सगळं इंग्रजीत गाते, आणि कवी जेम्स फेंटनने या प्रयोगासाठी नवं भाषांतर केलं. त्यामुळे कानावर पडणारे शब्द त्या गल्लीतलेच होते. इटालियनमध्ये गायलं असतं तर पदोपदी दरबार, सरदार, मान्तुआ ऐकू आलं असतं आणि रंगमंचावर दुसरंच काही दिसलं असतं.

1984 मध्ये प्रयोग अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, थेट न्यूयॉर्कपर्यंत, तेव्हा इटालियन-अमेरिकन मंडळींनी विरोध केला: इटालियन म्हटलं की गुंड, ही प्रतिमा आमच्या माथी पुन्हा का मारता? कलेचं स्वातंत्र्य म्हणून हा आक्षेप झटकून टाकणं मला जमत नाही. ह्यूगोने गुन्हा फ्रेंच राजाच्या नावावर लिहिला होता. परीक्षकांनी तो एका इटालियन घराण्याच्या नावे वर्ग केला. मिलरने तो पुढे इटालियन स्थलांतरितांच्या वस्तीत नेला. प्रत्येक वेळी ज्याचा आवाज कमी त्याच्या दारात ते प्रेत टाकलं गेलं. प्रयोग उत्तम आहे आणि त्या लोकांचं दुखणंही खरं आहे. दोन्ही एकत्र धरूनच हे प्रकरण वाचायला हवं.

तोच दादा, दुसरी शहरं

तुलनेसाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा 2013 चा ‘रिगोलेत्तो’ घेऊ. दिग्दर्शक मायकेल मेयर, जागा 1960 चं लास व्हेगास. ड्यूक कॅसिनोतला लाडका गायक, रिगोलेत्तो त्याच्या मेजवान्यांत टिंगल करणारा विनोदवीर. निऑनचा झगमगाट डोळे दिपवणारा होता. डायना डॅमराऊ, पियोत्र बेचावा, झेल्यको लुचिच अशी गायक मंडळीही मोठी. पण कसोटीची यादी लावा. त्या शहरात तळतळाटावर विश्वास कुणाचा? मोंतेरोनेला अरब शेख करावं लागलं, आणि शाप परदेशातून आयात केल्यासारखा झाला. मुलीची अब्रू हा प्रश्न व्हेगासच्या त्या मजल्यावर कुणाला पडणार? गाणं इटालियनच होतं, पण समोरच्या खुर्चीच्या पाठीवर चमकणारं भाषांतर व्हेगासच्या बोलीत लिहिलं होतं. कान एक सांगतात, डोळे दुसरं वाचतात. 2021 च्या अखेरीस त्याच संस्थेने ते बाजूला ठेवून बार्टलेट शरचा, 1920 च्या दशकातल्या जर्मनीत बसवलेला प्रयोग आणला. (2005 मध्ये म्युनिकला डोरिस डोरीने तर सगळ्यांना वानरांच्या ग्रहावर नेलं होतं. त्यावर मी वेळ घालवत नाही.)

व्हेगासच्या प्रयोगाचा शेवट मात्र सांगितलाच पाहिजे. तिथे जिल्दा पोत्याऐवजी मोटारीच्या डिकीत होती. टोळ्यांच्या जगात प्रेत डिकीतच असतं, हे पटण्यासारखं आहे. पण आता संहिता उघडून त्या जागेचं गाणं पाहा.

मध्यरात्र. वादळ ओसरतंय, ते वादळही पडद्याआडून तोंड मिटून गुणगुणणाऱ्या पुरुषांच्या आवाजांनी व्हेर्दीने उभं केलं आहे. रिगोलेत्तो उरलेले पैसे देतो आणि पोतं ताब्यात घेतो. उघडून पाहत नाही. वरूनच चाचपतो आणि टाचेच्या आऱ्या हाताला लागतात. तोच आहे, याची खात्री पटते. मग तो पोत्यावर पाय ठेवतो आणि जगाला सांगतो: बघा, हा विदूषक आणि हा सत्ताधीश, आणि तो माझ्या पायाखाली आहे. आयुष्यभर वाकलेला माणूस या एकाच क्षणी उंच होतो, पोत्याच्या उंचीएवढा. डिकीवर पाय ठेवता येत नाही. हाताला काही लागत नाही. पोलिसांना पोत्याचं काय घेणंदेणं, असं व्हेर्दी चिडून विचारत होता तो याच जागेसाठी.

मिलरच्या गल्लीत पोतं होतं. रिगोलेत्तो ते नदीकडे ओढू लागतो, आणि तेवढ्यात लांबून कुणीतरी येतं, सावकाश, मजेत, तेच नाण्याचं गाणं गुणगुणत.